इंजिन काम झाल्यावर पहिलं ऑइल कुठलं टाकायचं? ब्रेक-इन ऑइल वापरलं त्याचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. इंजिनचं फुल काम झालंय, सिलिंडर आतून बोअर केलेत, पिस्टन-रिंगा नवीन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) आणि त्याच्यावर टेकणारे टॅपेट नवीन, आणि आता पहिलं ऑइल कुठलं ओतायचं यावर गॅरेजात तीन लोकांची चार मतं चाललीयत अशी अवस्था असेल तर हे वाचा. मी ड्रिव्हन कंपनीचं बीआर ४० हे ब्रेक-इन ऑइल वापरलं, म्हणजे नवीन भाग एकमेकांवर नीट बसेपर्यंतच घालायचं ऑइल. त्याआधी ह्याच इंजिनात दुसरं काहीतरी ओतून हात पोळून घेतलेत, त्यामुळे दोन्ही प्रकार बघून झालेत.

इंजिन म्हणाल तर जुनं, चार सिलिंडर पेट्रोल, कॅम खाली ब्लॉकमध्ये, टॅपेटपासून वर लांब काड्या जातात ते पुशरॉडवालं, आणि टॅपेट सपाट बुडाचे, बुडाला फिरतं चाक असलेले रोलर नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं निम्मं त्यावरच आहे.

तर पहिल्या वेळी मी काय केलं, भारीतलं भारी ऑइल आणून ओतलं. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू३० (हा जाडपणाचा ग्रेड, शेवटचा आकडा जेवढा मोठा तेवढं गरम झाल्यावर ऑइल जाड). कंपनीचं नाव घेत नाही कारण ऑइलचा काही दोष नव्हता, ज्या कामासाठी बनवलंय ते काम ते छानच करत असेल, अक्कल माझी कमी पडली. वर आणि नवीन इंजिन म्हणून लाडाने चालवलं. स्टार्ट करून अर्धा अर्धा तास नुसतं आयडलला, रस्त्यावर काढली तर चाळीसच्या वर नाही, चढ आला की पाय अजून हलका, लोक मागून हॉर्न मारतायत आणि मी आपला बाळंतिणीला फिरायला नेल्यासारखा चाललोय. दीड हजार किलोमीटर झाले तरी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून भकाभक धूर, सकाळी स्टार्ट केली की मागून निळा फुसकारा, आणि हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल गायब. वाटलं रिंगा बसायला वेळ लागतो, बसतील. कुठल्या बसतायत.

शेवटी हेड काढलं. बॅटरीच्या उजेडात बोअर आरशासारखं चकाकत होतं. होनिंगच्या, म्हणजे भिंतीवर दगड फिरवून मुद्दाम पाडलेल्या, तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे घासून गेल्या नव्हत्या, पण त्यांच्यावर वार्निश मारल्यासारखा पिवळट थर, नख फिरवलं तर कुठे अडकतच नव्हतं, काचेवरून फिरवल्यासारखं सुळकन खाली. आमच्या मिस्त्रींनी एक रिंग काढून उजेडात धरली, वळवून बघितली आणि एवढंच म्हणाले, "नव्याच्या नव्या आहेत साहेब, कामावरच नाही आल्या." ह्यालाच ग्लेझिंग म्हणतात. परत होनिंग, परत रिंगा, परत गॅस्केट सेट.

आता दुसऱ्या वेळेला घाई न करता आधी समजून घेतलं की हे नेमकं होतं काय. रिंग सिलिंडरला स्वतःच्या ताणाने चिकटते हे अर्धंच खरं आहे. खरा जोर येतो जळलेल्या गॅसचा, तो रिंगेच्या वरून आत शिरतो, खाचेत तिच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबतो. इंजिनवर लोड असेल तेव्हा तो दाब भरपूर, आयडलला काहीच नाही. होनिंगने भिंतीवर जे बारीक बारीक डोंगर झालेले असतात त्यांची टोकं रिंगेने घासून सपाट करायची आणि मधल्या दऱ्या ऑइल धरून ठेवायला शिल्लक राहायच्या, हे सगळं पहिल्या काही तासांतच होऊन जातं, आणि दाब नसेल तर होतच नाही. मग रिंग ऑइलच्या थरावर तरंगत राहते, ते ऑइल भिंतीवर भाजतं, दऱ्या भरून टाकतं, आणि एकदा त्या भरल्या की नंतर कितीही हाणा, उपयोग नाही.

म्हणजे रिंगांना थोडी झीज हवी असते. आणि गंमत अशी की त्याच इंजिनात त्याच ऑइलमध्ये फिरणाऱ्या कॅमला झीज अजिबात नको असते! सपाट टॅपेट आणि कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, यांचा स्पर्श एका बारीक रेषेवर होतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर तिथे, आणि नवीन असताना ते दोन पृष्ठभाग एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या काही मिनिटांत तिथला ऑइलचा थर फाटला तर लोब गोल व्हायला लागतो आणि त्याचा किस सगळ्या इंजिनभर. तर एकाच ऑइलला एकीकडे घासू द्यायचंय आणि दुसरीकडे घासू द्यायचं नाहीये. ब्रेक-इन ऑइल म्हणून जे विकतात त्याचं सगळं शहाणपण एवढंच आहे, पण ते सोपं नाही.

कॅमला वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसवालं अॅडिटिव्ह. हे नुसतं वंगण नाही, जिथे दाब आणि उष्णता जास्त तिथे धातूवर स्वतःचा एक काचेसारखा पातळ थर बसवतं, मग धातूऐवजी तो थर झिजतो आणि परत तयार होतो. पूर्वी साध्या ऑइलमध्येही हे भरपूर असायचं. पण फॉस्फरस थोडा थोडा जळून सायलेन्सरच्या वाटेने धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो, म्हणून हळूहळू ते कमी केलं. २००४ मध्ये एपीआय ह्या अमेरिकन संस्थेचं एसएम हे ऑइलचं मानक आलं तेव्हा ५डब्ल्यू३०, १०डब्ल्यू३० असल्या ग्रेडना फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के झाली, म्हणजे ८०० पीपीएम (दहा लाखात ८०० भाग), त्याच्या आधीच्या एसएल मानकाला ती ०.१० होती. नंतरच्या एसएन, एसपी मध्येही तेच चालू आहे. रोलर कॅमवाल्या इंजिनाला ह्याने काही फरक पडत नाही, पण नव्या कोऱ्या सपाट टॅपेटला पडतो. मी पहिल्या वेळी जे ओतलं होतं ते ह्याच जातीचं, वर एनर्जी कन्झर्व्हिंग, म्हणजे घर्षण कमी करणारे फ्रिक्शन मॉडिफायर घातलेलं. म्हणजे रिंगांना जे हवं होतं ते नाही आणि कॅमला जे हवं होतं तेही नाही. त्यातून कॅम वाचला तो फक्त जोडणीच्या वेळी मिस्त्रींनी लोबवर मॉलीची (मॉलिब्डेनमवाल्या वंगणाची) पेस्ट चांगली चोपडली होती म्हणून.

हां, आता कोणी म्हणेल सिंथेटिकवर रिंगा बसतच नाहीत. हे पण तितकंसं खरं नाही बरं का. कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार १९९२ पासून कारखान्यातूनच मोबिल १ हे सिंथेटिक भरून बाहेर पडते, त्यांच्या बसतात की. पण तिथे बोअरचं फिनिशिंग असं करतात की डोंगरांची टोकं आधीच कापलेली असतात, त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात, रिंगांना करायला काम थोडंच उरतं. तुमच्या बोअरिंगवाल्याने शेवटी कुठला दगड फिरवला, किती खडबडीत ठेवलं, हे विचारल्याशिवाय कारखान्याच्या गाडीशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी माझ्यासमोर चार पर्याय होते, ते पटापट सांगतो.

साधं मिनरल १५डब्ल्यू४० किंवा २०डब्ल्यू५०. बहुतेक मिस्त्री हेच सांगतात आणि ते चुकीचं नाही. ह्या जाड ग्रेडना फॉस्फरसची वरची ती मर्यादा सहसा लागू होत नाही, फ्रिक्शन मॉडिफायरही सहसा नसतात. रोलर कॅम किंवा ओव्हरहेड कॅमचं इंजिन असेल तर मी डोळे झाकून हेच टाकेन आणि पैसे वाचवेन. सपाट टॅपेटला मात्र मन धजावेना, कारण डब्यावर जस्त किती हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या डेटाशीटमध्ये शोधावं लागतं आणि तिथेही दरवेळी नसतं.

दुसरा पर्याय डिझेलचं ऑइल पेट्रोल इंजिनात. जुनी युक्ती आहे, त्यात झेडडीडीपी जास्त असायचं म्हणून. सीआय-४ ह्या जुन्या डिझेल ऑइल मानकाच्या काळात ह्याला अर्थ होता, पण २००६ च्या सीजे-४ मानकापासून त्यालाही ०.१२ टक्के फॉस्फरसची मर्यादा आली, कारण डिझेलच्या गाड्यांनाही धुरातली काजळी अडवणारे फिल्टर बसले. तरी पेट्रोलच्या पातळ ऑइलपेक्षा जास्तच आहे म्हणा. पण त्यात काजळी धुवायला डिटर्जंट भरपूर असतं आणि डिटर्जंटसुद्धा त्याच धातूच्या पृष्ठभागावर जागा धरायला बघतं जिथे झेडडीडीपीला बसायचं असतं. दोघांची जागेवरून भांडणं. म्हणून नुसता पीपीएमचा आकडा बघून नाचू नये.

तिसरा, झिंकची छोटी बाटली आणून कुठल्याही ऑइलमध्ये ओतणं. मला हे पटत नाही. आधीच्या ऑइलमध्ये किती आहे ते माहीत नाही, बाटलीतलं किती होणार ते अंदाजे, आणि हे लोणच्यातल्या तेलासारखं जास्त झालं तर हरकत नाही असलं प्रकरण नाहीये, फार झालं की तेच धातूला खायला लागतं.

चौथा म्हणजे तयार ब्रेक-इन ऑइल. ड्रिव्हनची मंडळी मुळात जो गिब्ज रेसिंग ह्या अमेरिकेतल्या नॅसकार मोटार शर्यतींच्या टीमच्या इंजिनांसाठी ऑइल बनवण्यातून आलीयत, आणि नॅसकारमध्ये सपाट टॅपेट वर्षानुवर्षं चालले, म्हणजे त्यांना ह्या दुखण्याची माहिती असणार असं मी धरलं. त्यांच्यात बीआर ३० म्हणजे ५डब्ल्यू३०, बीआर ४० म्हणजे १०डब्ल्यू४०, आणि नुसतं बीआर म्हणजे १५डब्ल्यू५०. मिनरल बेस, झिंक जास्त. मी ४० घेतलं. का, तर बेअरिंगच्या क्लिअरन्सवरून, म्हणजे फटीवरून. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, दर इंच व्यासाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स, माझं जर्नल दोन इंचाचं, क्लिअरन्स दोन थाउच्या थोडं वर, म्हणजे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जरा जास्त. तेवढ्याला ४० चं ऑइल ठीक बसतं, १०० डिग्रीला साडेबारा ते सोळा सेंटीस्टोक्सच्या (जाडपणाचं माप) मधलं. नुसतं जाड म्हणजे चांगलं असं समजून ५० ओतलं असतं तर प्रेशर गेजवर छान दिसलं असतं पण पहिल्या थंड स्टार्टला वरपर्यंत पोचायला वेळ लागला असता. इंजिन घट्ट जुळवलेलं असेल तर ३० बघा.

आता प्रत्यक्ष वापर. ऑइल भरलं, फिल्टर आधी ऑइलने भरून मग लावला, स्पार्क प्लग काढून ठेवले आणि स्टार्टर थांबून थांबून मारला, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. माझ्याकडे पाचव्या का सहाव्या फेरीला हलला. तोपर्यंत प्लग लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. मग प्लग लावून, टायमिंग आणि पेट्रोल आधीच नीट बघून, स्टार्ट केलं की थेट २००० आरपीएमवर. लोकांना हे ऐकून धस्स होतं, नवीन इंजिन आणि लगेच दोन हजार? पण कॅमवर ऑइल येतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आयडलला शिंतोडे उडतच नाहीत. शिवाय हळू फिरताना लोबच्या टोकावर स्प्रिंगचा भार सगळ्यात जास्त पडतो. मग वीस मिनिटं २००० ते २५०० च्या मध्ये खालीवर, एका जागी स्थिर नाही. टॅपेट स्वतःभोवती फिरायला हवेत, लोब जरासा तिरपा आणि टॅपेटचं बूड किंचित फुगीर केलेलं असतं ते त्यासाठीच. मिस्त्रींनी ऑइल फिलरचं झाकण काढून पुशरॉड फिरतायत का ते डोकावून बघितलं, हातावर गरम ऑइल उडालं, शिवी हासडली, पण फिरत होते.

आणि इथेच खरी कोंडी आहे. कॅमला वीस मिनिटं उभ्या गाडीत हवी असतात आणि रिंगांना तेवढा वेळसुद्धा लोडशिवाय नको असतो. त्यामुळे वीसची चाळीस करायची नाहीत, मधे चहा प्यायला थांबायचं नाही. वीस झाली, बंद, गरम असतानाच ऑइल काढलं, फिल्टर बदलला, तेच ऑइल नवीन भरलं आणि त्याच दिवशी रस्त्यावर. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्याच्या वर थ्रॉटल देऊन वेग वाढवायचा आणि मग पाय काढून गिअरवरच गाडी खाली येऊ द्यायची, असं पंधरा-वीसदा. पाय काढला की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम होतो, थोडं ऑइल वर ओढलं जातं, रिंगा थंड होतात आणि घासलेला चुरा धुतला जातो. पहिल्या दोन-तीन वेळा मागे आरशात हलका निळा दिसला. बाराव्या-तेराव्याला काही नाही. मी गाडी बाजूला घेऊन ब्रीदरच्या पाइपाला हात लावून बसलो होतो, जिथे आधी धुराने हात चिकट व्हायचा तिथे नुसती उबदार फुंकर.

पहिला काढलेला फिल्टर कापून बघितला. हे सगळ्यांनी करा. फक्त हॅकसॉने कापू नका, कापतानाचा किसच आत पडतो आणि मग तो इंजिनातला समजून रात्रभर झोप नाही, हे पण अनुभवाचे बोल. कटर वापरा. कागदाच्या घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरल्या, राखाडी चिकट लगदा होता तो जोडणीच्या पेस्टचा, त्याला घाबरायचं नाही. त्यात बारीक चमक होती, पिठासारखी, बोटांत चोळली तर टोचत नव्हती. खालून चुंबक फिरवला तर थोडी हलली, तीही रिंगा आणि बोअरची, अपेक्षित. बोटाला टोचणारे तुकडे किंवा पिवळे तांबूस पापुद्रे दिसले असते तर मी गाडी तिथेच उभी केली असती. ५०० किलोमीटरला दुसरा फिल्टर कापला, चमक जेमतेम, शोधावी लागली.

५०० ला ब्रेक-इन ऑइल काढून मिनरल १५डब्ल्यू४० टाकलं, ते दोन हजारपर्यंत. आता पाच हजार झालेत, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास, ऑइलची पट्टी दोन हजार किलोमीटरमध्ये केसभर उतरली असेल. ह्यात ऑइलचं श्रेय किती आणि दुसऱ्यांदा नीट चालवल्याचं किती? खरं सांगायचं तर माझ्या मते चालवण्याचं जास्त. हेच ऑइल ओतून परत अर्धा तास आयडलला ठेवलं असतं तर परत आरसाच झाला असता. कॅमचं मात्र श्रेय मी ऑइलला देतो, टॅपेट क्लिअरन्स तीनदा चेक केला, हलला नाही, म्हणजे लोब जागेवर आहेत.

तक्रारी? ह्या प्रकारच्या ऑइलबद्दल एकच मोठी. धुलाईचे डिटर्जंट मुद्दाम कमी ठेवलेले असतात त्यामुळे हे ऑइल लगेच काढावंच लागतं, आणि वीस मिनिटांनी एकदा, ५०० ला एकदा म्हणजे दोन भरणी. विकत घेताना एकाच भरणीचा हिशोब करून लोक फसतात. महागडं ऑइल वीस मिनिटांत काढून टाकताना जीव वरखाली होतो हे कबूल. एवढं भारी ऑइल आहे म्हणून पुढे तसंच चार-पाच हजार चालवणाऱ्यांनी तसं करू नका, ते त्यासाठी नाहीच. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तर अजिबातच नको.

बाइकवाल्यांना वेगळं सांगतो कारण हे विचारणारे बरेच असतात. इंजिन, गिअर आणि ओला क्लच एकाच ऑइलमध्ये असेल तर गाडीचं ब्रेक-इन ऑइल आणून ओतू नका. जासो ह्या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं मिनरल घ्या, त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असतोच आणि क्लच घसरत नाही. एमबी नको, ते घर्षण कमी करणारं, ओल्या क्लचला नाही चालत. बाकी चालवायची पद्धत तीच.

अजून एक, मॉलीची पेस्ट कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या बुडाला, रिंगांवर आणि बोअरला चुकूनही नाही. तिथे पातळ हात फिरवायचा तो साध्या ऑइलचा. पेस्ट रिंगांना लागली की ती घासूच देत नाही, मग ऑइल कुठलंही ओता.

एकूण पाचपैकी चार. सपाट टॅपेट असतील तर परत हेच घेईन, रोलर असतील तर साध्या मिनरलवर भागवेन. दोन भरण्या होऊन डब्यात थोडं उरलंय, ते टॉप-अपला वापरणार नाहीये, मित्राच्या इंजिनाचे पिस्टन पुढच्या आठवड्यात बसवायचेत, तिथे रिंगांना लावायला कामी येईल.